तिसऱ्या दाराचा रंग

१

"माझ्या घरातलं चित्र कुणीतरी चोरलंय," निवृत्त मुख्याध्यापिका बाई फोनवर म्हणाल्या, "आणि त्याच्या जागी तेच चित्र लावून ठेवलंय."

सकाळचे साडेआठ वाजले होते. वर्कशॉपचं कुलूप नुकतंच उघडलं होतं आणि माझ्या हातात अजून किल्ल्या होत्या.

"तेच म्हणजे?" मी विचारलं.

"तेच म्हणजे तेच. लाल भिंत, तीन दारं, खालचे शिंतोडे. सगळं जागच्या जागी आहे. पण ते माझं नाही. तुम्ही येताय, की मी पोलिसांत जाऊ?"

"येते बाई, लगेच येते," म्हणून मी फोन ठेवला.

आमचं काम साधं सांगायचं तर असं: दूरदूरच्या संग्रहालयांत जी भलीमोठी अमूर्त चित्रं टांगलेली असतात, त्यांच्या आम्ही अ‍ॅक्रिलिक रंगांत हातानं प्रती करतो, लोकांच्या बैठकीच्या खोल्यांसाठी. प्रत म्हणून करतो आणि प्रत म्हणूनच देतो, मागं तसा शिक्का असतो. लोकांना वाटतं यात काय अवघड आहे? चार फटकारे, दोन ओघळ. पण मूळ चित्रकारानं रागाच्या भरात एका दुपारी जे कॅनव्हासवर फेकलं असेल, ते जसंच्या तसं उतरवायला आमच्या मास्तरांना एकोणीस दिवस लागतात. त्याचा शिंतोडा उडाला तो उडाला. मास्तरांना तोच शिंतोडा त्याच जागी, त्याच शेपटीसकट उडवायचा असतो. मी लहानपणापासून ते बघत आलेय आणि अजून माझं तोंड उघडं राहतं.

मास्तर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. माझ्या वडिलांनी त्यांना इथं आणलं आणि वडील गेल्यावर वर्कशॉप माझ्याकडे आलं, ते खरं तर मास्तरांच्या हातावरच उभं राहिलं. "तीन दारं" हे आमचं सगळ्यात जास्त मागणी असलेलं चित्र. नाव आमचंच. मूळ चित्राला फक्त आकडा आहे. लालसर तपकिरी भिंत, तिच्यात तीन उभे गडद आकार, आणि डाव्या कोपऱ्यात पांढुरके शिंतोडे. ते चित्र मास्तरांशिवाय कुणी करत नाही.

मी निघाले तशी मावशीही उठली. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. कापडगिरणीच्या रंगशाळेत बत्तीस वर्षं तिनं छटा जुळवण्याचं काम केलं. दोन ताग्यांत केसाएवढा फरक असला तरी ती ताग्याकडे नाही, तो रंगवणाऱ्याकडे बघायची, आणि समोरचा कबूल व्हायचा. हिवाळ्यात महिनाभर माझ्याकडे राहते.

दारातच मास्तर भेटले. तिचं आणि मास्तरांचं स्वेटरवरून दरवर्षी चालतं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी "पुन्हा तोच काळा?" म्हणून तिला छेडलं होतं. आज म्हणाले, "निळा स्वेटर शोभतो हो तुम्हाला."

मावशी पायरीवर क्षणभर थांबली. मग म्हणाली, "चल गं, बाई वाट बघत असतील."

२

बाईंची बैठकीची खोली लहान आणि लख्ख. पुस्तकांचं कपाट, एक वेताची खुर्ची, आणि खुर्चीसमोरच्या भिंतीवर चित्र. भिंतीपेक्षा चित्रच मोठं वाटावं असं.

"साडेतीन वर्षं रोज मी इथं बसते," बाई म्हणाल्या. "दहा वाजता ऊन या भिंतीवर येतं. तिसरं दार काळं होतं. कुळकुळीत काळं. आता थांबा दहा मिनिटं."

आम्ही थांबलो. ऊन सरकत आलं. पहिलं दार काळपट तपकिरी, दुसरं राखाडी काळं आणि तिसरं... ते काळं नव्हतं. खूप खोल निळं होतं. विहिरीच्या तळाशी आभाळ दिसावं तेवढंच निळं. ऊन सरकलं आणि ते पुन्हा काळ्यासारखं दिसू लागलं.

"लेकीकडे महिनाभर गेले होते. परवा आले आणि काल हे दिसलं. मग मी चित्र उलटं करून बघितलं." बाईंचा आवाज जरा उतरला. "मागच्या लाकडावर आमच्या यांनी पेन्सिलीनं काही लिहून ठेवलं होतं. देवाघरी जायच्या आदल्या वर्षी. ते नाहीये. लाकूड कोरं आहे."

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"ते माझं आहे," बाई म्हणाल्या.

मी खाली बघितलं. मावशीनं मात्र विचारणं थांबवलं नाही. "तुम्ही लेकीकडे जायच्या आधी घरात कोण आलं होतं?"

"कुणी नाही. तुमचा तो टांगणारा माणूस तेवढा. म्हणाला, कॅनव्हास सैल झालाय, खाली गाडीत नेऊन ताणून आणतो."

"किती वेळ लागला?"

"चहा उकळला, गाळला, तेवढ्यात आणलंही. दहा मिनिटं."

मावशीनं डोळे मिटले आणि डाव्या कोपऱ्यातल्या शिंतोड्यांवरून एकेक करत बोट फिरवलं. आंधळी माणसं वाचतात तसं. "हं," एवढंच म्हणाली.

खाली आल्यावर मी म्हणाले, "मावशी, आम्ही ओळंब्याला बाईंकडे पाठवलंच नव्हतं."

३

ओळंबा म्हणजे आमचा टांगणी करणारा. खरं नाव कुणाच्या लक्षात नाही. अकरा वर्षांत एक चित्र त्यानं सूतभर वाकडं टांगलं नाही, सरळ रेषा बघायला खिशात कायम ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं गवंड्याचं वजन, असतो, म्हणून ते नाव पडलं. कमी बोलतो. बोलला तर भिंतींबद्दल बोलतो.

मी गाडीची वही काढली. गेल्या दोन महिन्यांत तो ऑफिसात न सांगता चार घरी जाऊन आला होता. मुख्याध्यापिका बाई, दाताचे डॉक्टर, एक शिंपीण, एक वकील. विक्रीच्या रजिस्टरशी ताडून बघितलं. चौघांकडेही "तीन दारं" होतं.

मी त्याला ऑफिसात बोलावलं. मावशी कोपऱ्यात विणत बसली होती.

"बाईंचं चित्र कुठाय?"

तो माझ्या मागच्या भिंतीकडे बघत राहिला.

"अरे, त्यांच्या नवऱ्याचं हस्ताक्षर होतं त्याच्यावर. त्या पोलिसांत जाणार आहेत."

हस्ताक्षर म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला. "हस्ताक्षर? मागं लिहिलेलं? मी... ते बघितलंच नाही." मग त्यानं खिशातला ओळंबा काढून टेबलावर ठेवला. "चूक माझी आहे ताई. सगळी माझीच. कामावरून काढायचं तर काढा."

"पण का केलंस?"

"माझी चूक," तो पुन्हा म्हणाला आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसला.

मला रागही आला आणि रडूही. "याला ठेवून चालणार नाही मावशी. दुसऱ्याच्या घरात विश्वासानं शिरणारा माणूस आहे हा."

"संध्याकाळपर्यंत थांब," मावशी म्हणाली. "मला एक सांग, तसं दार रंगवायला किती वेळ लागतो?"

"पातळ थरांवर थर द्यावे लागतात. प्रत्येक थर वाळायला हवा. घाई केली तरी दोन तास."

"आणि हा खाली होता दहा मिनिटं. म्हणजे त्यानं रंगवलं नाही, बदललं. गाडीत दुसरं चित्र तयार होतं. तुमच्या चित्रांना चौकट नाही, कडेपर्यंत रंग. त्यामुळे अदलाबदल झाली ती अख्ख्या चित्राची. ओळंबा वाहून नेणारा. पण रंगवणारा हात वेगळाच आहे." तिनं सुई लोकरीत खोचली. "निळ्या दारावर कुणाचा एवढा जीव आहे इथं?"

मला लगेच एक नाव आठवलं.

४

फटफटी आमची दुसरी चित्रकार. अठ्ठावीस वर्षांची. तोंड सुरू झालं की थांबत नाही म्हणून फटफटी. हात मात्र सुरेख आहे. तिच्या टेबलावर मोठा लांब दांड्याचा दिवा आला होता, आणि त्याच्या उजेडात ती पिवळ्याचे सात पिवळे करून बघत होती.

"हा दिवा मास्तरांचा ना?" मावशीनं विचारलं.

"त्यांनीच दिला! तीन आठवडे बहिणीकडे राहून आले आणि म्हणाले, घे तुला, माझ्या डोळ्यावर येतो. मी म्हटलं, अहो मास्तर, इतकी वर्षं तर नाक टेकवून याच्याखाली बसायचात. तर म्हणाले, काम कर. मग मी काम करतेय."

"तिसऱ्या दाराचा रंग कोणता?" मी मधेच विचारलं.

फटफटी एकदम गप्प झाली. असं सहसा होत नाही.

"निळा," ती हळूच म्हणाली. "ताई, मी तेव्हाही तेच म्हटलं होतं. दोन वर्षं झाली. संग्रहालयाच्या पुस्तकातलं मूळ चित्राचं पान खिडकीत धरलं तर सरळ दिसतं. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, तुला डोळे नाहीत, काळं आहे ते. आणि तुम्ही म्हणालात, मास्तरांना शिकवू नकोस. त्यानंतर मला त्या चित्राला हात लावू दिला नाही."

मला ते आठवत होतं. मी तेव्हा पान उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.

"मग आता चार घरांत ते दार निळं झालंय," मी म्हणाले. "तू केलंस?"

तिचे डोळे विस्फारले. "चार घरांत? निळं? खरंच?" आणि मग ती हसायलाच लागली. "मी केलं असतं तर तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं असतं! वर्कशॉपच्या दारात उभी राहून ओरडले असते. गुपचूप काही करायला मला जमतं का कधी?"

मावशी तिच्या टेबलावरची एक प्रत हाताळत होती. पुन्हा डोळे मिटून शिंतोड्यांवर बोट. "हे तू बारीक ब्रशनं लावतेस?"

"हो. उडवायला गेले की भलतीकडे जातात."

"म्हणून सपाट आहेत," मावशी म्हणाली आणि उठली. जिन्यात मला म्हणाली, "ही नाही. आता तुझ्या दादाकडे चल."

"दादाकडे? त्याचा काय संबंध?"

"तोच विचारायला जायचंय."

५

माझा सख्खा मोठा भाऊ तीन वर्षांपूर्वी वर्कशॉप सोडून गेला. पुढच्या रस्त्यावर त्याचं छापखान्याचं दुकान आहे. तोही तीच चित्रं कॅनव्हासवर छापून देतो, तासाभरात. हातानं काढण्याचे दिवस संपले असं त्याचं मत, आणि ते तो जेवतानाही सांगतो.

"बदलली?" आमचं ऐकून दादा हसला. "बघ, मी सांगत होतो. छापली असती तर सगळी एकसारखी निघाली असती."

"आमचं नाव खराब झालं तर तुझं दुकान चालेल," मी म्हणाले. बोलल्यावर मला वाईट वाटलं.

दादाचं हसू गेलं. "तसं वाटतं तुला? वर ये."

दुकानाच्या वरच तो राहतो. वहिनीनं दार उघडलं. बैठकीत शिरलो आणि मी बघतच राहिले. वर्कशॉप सोडल्यावर त्यानं ते उतरवलं असेल असं मला वाटलं होतं, पण भिंतीवर अजूनही मास्तरांच्या हातचं "तीन दारं" होतं.

"लग्नात मास्तरांनी दिलेलं," वहिनी म्हणाली. "नऊ वर्षं झाली. मी यांना म्हटलं, तुमचं छापलेलं एखादं लावू या. तर म्हणतात, घरात नको."

दादा खिडकीबाहेर बघत होता. "छापलेल्यात काही चूक नाही," तो पुटपुटला. "पण हे... हाताला लागतं ना. म्हाताऱ्यानं आत काहीतरी ठेवलंय. मला ते छापता येत नाही. खूप वेळा करून बघितलं."

त्याच्या तोंडून हे ऐकायला मी तीन वर्षं थांबले होते.

मावशीनं न विचारताच पडदा सर्रकन बाजूला केला. दुपारचा उजेड भिंतीवर पडला आणि तिसरं दार निळं झालं.

"नऊ वर्षांपूर्वीचं दार निळं," मावशी म्हणाली. "बाईंचं साडेतीन वर्षांपूर्वीचं काळं. आणि आता पुन्हा निळं." ती माझ्याकडे वळली. "रजिस्टरमध्ये बघ, तो ओळंबा ज्या चार घरी गेला ती चित्रं कधीची आहेत?"

मी फोन करून फटफटीला रजिस्टर उघडायला लावलं. चारही गेल्या पाच वर्षांतली. त्याआधीची सहा चित्रं होती, त्यांच्याकडे ओळंबा फिरकलाच नव्हता.

"म्हणजे बिघडवलेलं काहीच नाही," मावशी सावकाश म्हणाली. "कुणीतरी दुरुस्ती करत फिरतंय."

६

दाताच्या डॉक्टरांकडे आम्ही दुपारी तीनला पोचलो. दवाखाना खाली, घर वर.

"दाराचा रंग बदलला?" डॉक्टर गोंधळून म्हणाले. "मला तर काही कळलं नाही. दिवसभर दात बघतो हो, घरी आलं की डोळे मिटतो."

मावशीनं त्यांच्या परवानगीनं चित्र खाली घेतलं. आम्ही दोघींनी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मागच्या आडव्या लाकडावर पेन्सिलीची बारीक, जरा डावीकडे झुकलेली अक्षरं होती. मी वाचायला वाकले तशी मावशीनं त्याच्यावर हात ठेवला.

"पहिला शब्द 'बाईसाहेब' आहे. तेवढं पुरे. पुढचं आपलं नाही."

बाईंचं चित्र सापडलं होतं.

"आता साखळी लागली," मावशी जिना उतरताना म्हणाली. "कुणीतरी एक नवी प्रत केली, बरोबर रंगाची. ती बाईंकडे गेली. बाईंची काढून आणली, तिचं दार दुरुस्त केलं, ती डॉक्टरांकडे लावली. डॉक्टरांची शिंपिणीकडे, शिंपिणीची वकिलांकडे. दहा मिनिटांत अदलाबदल, घरात रंगाचा थेंब नाही. वकिलांचं चित्र आत्ता कुणाच्या तरी घरी दुरुस्त होत असेल."

"कुणाच्या?"

"तुला अजून कळलं नाही? की कळलंय आणि नको वाटतंय?"

मी वर्कशॉपच्या दिशेनं चालू लागले.

७

मास्तर त्यांच्या खिडकीपाशी काम करत होते. पाठ ताठ, कॅनव्हासपासून हातभर लांब. मला आठवलं, गेल्या वर्षापर्यंत ते नाक लावून बसायचे. ओळंबा दारात उभा होता. फटफटी हातातला ब्रश धुता धुता थांबली.

मावशी स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसली.

"मास्तर, हा स्वेटर मी सहा वर्षांपूर्वी घेतला. काळा म्हणून. दुकानदार म्हणत होता, बाई, हा गडद निळा आहे. मी त्याच्याशी भांडले. बत्तीस वर्षं रंग जुळवलेत मी, म्हटलं, मला शिकवता? दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. घरी आले, कपाट उघडलं, आणि आत एक निळा स्वेटर होता."

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला.

"मोतीबिंदू पिकत आला की डोळ्यावर पिवळसर काच बसते," मावशी सांगत राहिली, बोलणं मास्तरांशी पण ऐकणारे आम्ही सगळे. "हळूहळू बसते म्हणून माणसाला कळत नाही. आणि सगळ्यात आधी जातो तो गडद निळा. तो काळा होऊन जातो. गेल्या वर्षी तुम्ही माझ्या स्वेटरला काळा म्हणालात. आज सकाळी निळा म्हणालात. मधे तुम्ही तीन आठवडे बहिणीकडे गेला होतात. आल्यावर दिवा देऊन टाकलात. बाईंकडच्या चित्रातले शिंतोडे मी बोटानं बघितले. प्रत्येकाला कडेनं उंच काठ आहे. स्टुलावर उभं राहून वरून टाकल्याशिवाय तसा काठ येत नाही, आणि ते या गावात एकाच माणसाला येतं. आधी बरोबर, मग पाच वर्षं चूक, मग पुन्हा बरोबर, आणि तिन्ही वेळा हात तोच. हात बदलला नव्हता. डोळे बदलले होते."

ओळंबा एकदम म्हणाला, "मास्तर, मी काही सांगितलं नाही."

"माहितीये रे." मास्तरांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "बहीणबिहीण काही नव्हतं. इस्पितळात होतो. पट्टी काढली तेव्हा समोर खिडकीचा पडदा होता, साधा निळा पडदा. इतका निळा की मला रडूच आलं. नर्सला वाटलं, दुखतंय. घरी आलो, म्हटलं आता माझी चित्रं बघू. पुस्तक उघडलं. तिसरं दार निळं. आणि माझ्या शेवटच्या अकरा प्रती..." ते थांबले. "मी मिश्रणं कधी लिहून ठेवली नाहीत. डोळ्यावर भरवसा होता ना. अकरा घरांत मी काळोख लावून ठेवलाय."

"पण मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "आपण सगळ्यांना कळवलं असतं."

"काय कळवलं असतंस? की पाच वर्षं आंधळ्याकडून चित्रं काढून घेतली? तुझ्या वडिलांनी उभं केलेलं नाव आहे हे." त्यांनी मान खाली घातली. "आणि खरं सांगू का? लाज वाटली. या पोरीला मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, तुला डोळे नाहीत. ते कुठल्या तोंडानं परत घेणार होतो?"

ते उठले आणि फटफटीसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडले नाहीत, काही नाही. सरळ तिच्याकडे बघून म्हणाले, "तुझं बरोबर होतं. मला दिसत नव्हतं."

फटफटीनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आमच्या फटफटीला शब्द सापडेना. शेवटी म्हणाली, "मास्तर, पुढची मिश्रणं मी वहीत लिहून ठेवू का?"

"लिही," मास्तर म्हणाले. "आणि मी मिसळलेला प्रत्येक रंग आधी तू खिडकीत धरून बघायचा."

मी दारात ओळंब्यापाशी गेले. "तू मास्तरांसाठी नोकरी घालवायला निघाला होतास?"

"अकरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं," तो म्हणाला. "बाईंचं हस्ताक्षर मात्र बघायला हवं होतं मी. ते चुकलंच."

८

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर स्वतः बाईंचं चित्र घेऊन गेले. मी आणि ओळंबा बरोबर होतो. बाईंनी ते आधी उलटं केलं, आमच्याकडे पाठ करून वाचलं, बोटानं एकदा पुसल्यासारखं केलं, पण पुसलं नाही. मग समोरून बघितलं. मास्तरांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "शाळेत असते तर तुम्हाला बाकावर उभं केलं असतं. चोराला चहा चालतो का?"

"चालतो," मास्तर म्हणाले.

बाईंकडे लागलेली नवी प्रत त्याच दुपारी तात्पुरती डॉक्टरांकडे गेली. शिंपीण, वकील, सगळ्यांना खरं सांगून ज्याचं चित्र त्याला मिळालं. उरलेल्या सात जणांना मी पत्रं लिहिली, मास्तरांच्या सहीनं. सगळ्यांनी चित्रं पाठवली, एक सोडून. बसचा ड्रायव्हर होता तो. त्यानं कळवलं, चित्र घराबाहेर जाणार नाही, काय करायचं ते इथं येऊन करा.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मास्तर, फटफटी, ओळंबा आणि मी त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी पोचलो. दार ड्रायव्हरनंच उघडलं. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे बघून म्हणाला, "तुम्ही काढलंत ते? हातानं?"

"हो."

"आम्हाला वाटलं, मशीनवर निघतं." तो आत वळून ओरडला, "अगं, इकडे ये! ज्यांनी काढलंय ते आलेत! हातानं काढलंय म्हणे!"

बायको आली, तिची आई आली. समोरच्या घरातले दोघं आले, खालच्या मजल्यावरची एक बाई मुलाला कडेवर घेऊन आली. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या बाहेर आल्या. ड्रायव्हरनं चित्र उतरवून खिडकीपाशी ठेवलं. तो म्हणाला, "रोज परत आलो की इथं बसतो, बूट न काढता. दिवसभर रस्ता बघून डोळे भणभणतात, हे बघितलं की थांबतात. का ते मला नाही सांगता येत."

आयुष्यभर मास्तर भिंतीकडे तोंड करून काम करत आले होते. गिऱ्हाइकाचं तोंड माझ्या वडिलांनी बघितलं, मग मी बघितलं. त्यांच्या चित्रासमोर कुणी बूट न काढता बसतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

फटफटीनं वही उघडली, रंग मिसळला, खिडकीत धरला आणि बशी मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात फिरवून बघितली. "थेंबभर जास्त पाणी," ते म्हणाले. तिनं पुन्हा मिसळला. या वेळी त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी रुंद ब्रश बुडवला आणि तिसऱ्या दारावर वरून खाली एकच सरळ पट्टा ओढला. श्वास न घेता. ओळंब्यानं सोडलेल्या दोरीसारखा तो खाली आला. कडेवरचं पोर हात पुढे करून "मला" म्हणालं, आणि त्याच्या आईनं त्याचा हात धरून ठेवला.

"आता हा वाळू द्यायचा," मास्तर म्हणाले. "वीस मिनिटं. मग दुसरा थर. असे पाच. तुम्हाला कामं असतील, तुम्ही जा."

ड्रायव्हरनं बूट काढले आणि खुर्ची आणखी पुढे ओढली. बाकीच्यांतलंही कुणी उठलं नाही.